समतेचा कायदा शिकवायचा तर दप्तर वाचता यायला हवं

विधी महाविद्यालयात संविधानाचं समानतेचं कलम १४ शिकवण्याचा एक ठरलेला रस्ता आहे. १९५२ चा अन्वर अली सरकार निकाल, वाजवी वर्गीकरणाच्या दोन कसोट्या, १९७४ चा रॉयप्पा, १९७८ चा मनेका गांधी, मग १९९२ चा इंद्रा साहनी. विद्यार्थी हे पाठ करतो, पास होतो, सनद घेतो. मग अंबाजोगाईला किंवा कळमनुरीला त्याच्यासमोर एक बाई येऊन बसते. हातात हक्कसोडपत्राची झेरॉक्स, सातबारावर नाव नाही, आणि एकच प्रश्न: आता काही होतं का? त्या निकालांपासून या झेरॉक्सपर्यंत कसं यायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

ते दाखवणं हेच इथल्या विधी प्राध्यापकाचं मुख्य काम आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दोन पुस्तकं लागतात. एक निकालांचं आणि दुसरं दप्तराचं, म्हणजे फेरफार, रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद), बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं याची यादी), उचलीचा म्हणजे आगाऊ मजुरीचा कागद. एलएल.एम. करून शिकवण्याकडे आणि समतेच्या हक्कांवरच्या संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी ही नोंद आहे.

आधी दारातून आत जायचं कसं ते. एलएल.एम.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. त्यानंतर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. दोन्हींचा साचा एकच आहे: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, सलग तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते. कायद्याच्या मुलांची गाडी बहुतेक वेळा पहिल्या पेपरवर अडते, कारण तर्क, आकडेमोड आणि तक्ते वाचणं ही सवय पाच वर्षांत मोडलेली असते. रोज अर्धा तास तक्ते सोडवा, पुढे संशोधनातही तेच कामाला येतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. पण तिला ३० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि ती काही प्रवर्गांना शिथिल होते, म्हणून ‘आधी थोडी वकिली, मग बघू’ असं म्हणणाऱ्यांनी वय मोजून ठेवावं.

नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. प्रत्यक्षात मराठवाड्यात सुरुवात होते ती तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. विधी महाविद्यालयं बरीचशी विनाअनुदानित, जागा निघतात थोड्या, आणि सीएचबीवाल्या शिक्षकाला सुटीतल्या महिन्यांचं काही मिळत नाही. हे माहीत असूनच पाऊल टाका. पुढे पदोन्नतीसाठी ही वर्षं धरली जातील या भरवशावरही राहू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत पूर्वीची सेवा मोजायला अट आहे की त्या काळातलं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. तासिका तत्त्वावरचा माणूस तिथेच गळतो. तरी नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि बँकेत जमा झालेल्या मानधनाच्या नोंदी जपा. मुलाखतीत अनुभव दाखवताना तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

वकिली आणि शिकवणं एकत्र जमतं का, हा नेहमीचा प्रश्न. सनद चालू ठेवून वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ पगारी शिक्षक झालात की कोर्टात उभं राहणं थांबतं. समतेवर काम करणाऱ्यासाठी दोन-तीन वर्षं तालुका कोर्टात काढून मग शिकवायला येणं फायद्याचं, असं मला वाटतं. रोजनामा कसा लिहितात, नक्कल विभागात अर्ज कुठे अडतो, सरकारी वकिलाच्या टेबलावर किती फायली असतात, हे ग्रंथालयात बसून कळत नाही.

वर्गातली भाषा हा वेगळा विषय आहे. संविधानाच्या मराठी पाठात ‘कायद्यापुढे समानता’ आणि ‘कायद्याचे समान संरक्षण’ असे शब्द आहेत. चळवळीतून आलेला विद्यार्थी मात्र ‘समता’ म्हणतो. ‘समानता’ आणि ‘समता’ हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहून फरक उलगडावा. पहिला शब्द विचारतो की नियम सगळ्यांना सारखा लागतो का; दुसऱ्याच्या पोटात हा प्रश्न असतो की नियम लागल्यावर माणसं कुठे पोहोचतात. औपचारिक आणि वास्तविक समानता या जोडीवर एक आख्खा तास घालवण्यापेक्षा हे लवकर समजतं. फौजदारी बाजूला आता दुहेरी मेहनत आहे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालतात. येती कित्येक वर्षं दोन्ही कलमांचे क्रमांक विद्यार्थ्याला यायला हवेत.

अप्रत्यक्ष भेदभाव शिकवायला बीड जिल्ह्याला बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. ऊसतोडीतला ‘कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, मजुरी टनावर ठरते ती कोयत्याला, खाडा कापला जातो तोही कोयत्याचा. कागद होतो तो बहुधा नवऱ्याच्या नावाने. नियम वरवर कुणालाच वेगळं वागवत नाही. आता यावर २०२१ च्या नितीशा निकालातली कसोटी लावून बघा. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देताना, पुरुषांची जी वैद्यकीय तपासणी पंचविशी-तिशीत झाली ती बायकांची चाळिशी ओलांडल्यावर केली गेली. निकष एकच, पण तो लागला वेगळ्या वयात. सर्वोच्च न्यायालयाने कॅनडातल्या फ्रेझर निकालाचा आधार घेत दोन पायऱ्या सांगितल्या. नियमाचा भार एका गटावर जास्त पडतो का, ही पहिली. त्या भारामुळे त्या गटाची आधीची दुरवस्था टिकते किंवा वाढते का, ही दुसरी. हेतू काय होता हे सिद्ध करावं लागत नाही.

कोयत्याला ही कसोटी लावली की वर्गातली मुलं स्वतःच पुढे जातात. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात किंवा आजारात बाई फडात उतरली नाही तर खाडा पडतो आणि जोडीचं नुकसान होतं, म्हणजे आजारपणाची किंमत घरात तिच्याच डोक्यावर येते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या प्रश्नाच्या मुळाशी आरोग्याइतकाच मजुरीचा हा हिशेब आहे. मग पुढचा धडा पुराव्याचा. समान कामाला समान वेतन मागायचं तर बाईचं वेतन किती हे दाखवावं लागतं, आणि कोयत्याच्या हिशेबात तिचं वेगळं वेतन लिहिलेलंच नसतं. १९७६ चा समान वेतन कायदा वेतन संहितेत गेला तरी ही अडचण तशीच राहते. दुसरी वाट संविधानाच्या कलम २३ ची. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करवून घेतलेलं काम सक्तीची मजुरी ठरतं असं म्हटलंय. उचल फिटेपर्यंत पुढच्या हंगामाला जावंच लागत असेल, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदाही उघडावा लागतो.

या विषयावर क्षेत्रकाम करायचं असेल तर वेळापत्रक कारखान्यांच्या हातात असतं. दिवाळीच्या सुमारास तांडे निघतात, मार्च-एप्रिलात परततात. जानेवारीत प्रश्नावली घेऊन धारूर-वडवणीच्या गावात गेलात तर घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलंच भेटतील. मुलाखती मे ते सप्टेंबरमध्ये गावात घ्या आणि एक फेरी हंगामात फडावर मारा, कारण खाड्याचा हिशेब तिथेच ताजा असतो. नवऱ्यासमोर घेतलेली बाईची मुलाखत विश्वासार्ह नसते. बाईशी बोलायला बाईच जावी, आणि मुकादमाच्या ओळखीने गावात शिरू नये. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याच्याच खांद्यावर बसून उत्तरं खरी येत नाहीत.

ॲट्रॉसिटी कायद्यावर प्रबंध लिहिणारे खूप आहेत, रोजनामा वाचणारे कमी. ‘अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार : एक अभ्यास’ असा विषय घेतला की तीन वर्षं कायद्याचा इतिहास उतरवण्यात जातात. विषय अरुंद करा. उदाहरणार्थ, एका जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात २०१६ नंतर कलम १५अ(३) ची नोटीस पीडिताला दिली गेली का. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळणं हा पीडिताचा हक्क आहे, आणि २०२१ च्या हरिराम भांभी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नोटीस बंधनकारक ठरवली. ती दिली की नाही, हे जामीन अर्जाच्या रोजनाम्यात दिसतं. नोंदच नसेल तर तेही उत्तरच असतं. हा मोजता येणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर उद्या कोर्टात वापरता येतं.

काम असं चालतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडा, न्यायालय संकुल निवडा आणि कायद्यानुसार शोध घ्या. कायद्याचं नाव वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळ्या स्पेलिंगने भरलेलं असतं, म्हणून एकाच नावाने शोधून थांबू नका. प्रत्येक खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक तक्त्यात घ्या, पुढे हाच तुमचा आधार. मग चार तारखा: एफआयआर, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, निकाल. ॲट्रॉसिटी नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नसावा आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत जावं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्यानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपावा. या चार तारखांमधलं अंतर मोजलं की विलंब नेमका पोलिसांकडे झाला की कोर्टात, ते कळतं. ऑनलाइन नोंदीत खटला दाखल झाल्याची तारीख असते, गुन्हा घडल्याची नसते. ती एफआयआरच्या नकलेतून घ्यावी लागते. इथे अनेकांचे तक्ते चुकतात.

दुसरी चूक आकड्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दोषसिद्धीचं प्रमाण काढताना छेदात असतात ते त्या वर्षी संपलेले खटले, त्या वर्षी नोंदलेले गुन्हे नव्हेत. दोन्ही मिसळून वर्तमानपत्री वाक्य तयार होतं आणि प्रबंधातही शिरतं. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर मोजणी सर्वात गंभीर गुन्ह्याखाली होते, म्हणजे खुनासोबत झालेला जातिवाचक अपमान त्या रकान्यात दिसणार नाही. संभाजीनगरचं शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस हे दोन वेगळे घटक आहेत. जिल्ह्याचा आकडा हवा तर बेरीज तुम्हालाच करावी लागते. फिर्यादीवर उलट गुन्हा दाखल झालाय का, ही नोंदही त्याच तक्त्यात हवी. साक्षीदार का फिरला, याचं उत्तर निकालपत्रात मिळत नाही. पुष्कळदा ते त्या उलट गुन्ह्याच्या तडजोडीत सापडतं.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(पाच) वर (अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्धच्या गंभीर गुन्ह्याला वाढीव शिक्षा) थोडं थांबतो, कारण इथे निकाल बारकाईने वाचायला शिकवता येतं. २६ जानेवारी २०१६ पूर्वी ‘पीडित त्या जातीची आहे या कारणावरून’ गुन्हा झाला हे सिद्ध करावं लागे. दुरुस्तीनंतर आरोपीला पीडितेची जात माहीत होती एवढं पुरतं. २०२१ चा पाटण जमाल वली निकाल वर्गात पूर्ण वाचून घ्या. पीडिता अनुसूचित जातीची होती आणि दृष्टिहीन होती. जात, लिंग आणि अपंगत्व हे तीन अन्याय एकमेकांत कसे गुंततात, याचं विवेचन त्या निकालात आहे. आणि त्याच निकालात ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द झाली, कारण घटना दुरुस्तीपूर्वीची होती आणि ‘या कारणावरून’ हे शब्द पुराव्याने भरले गेले नव्हते. तत्त्व उदार आणि निकाल पीडितेच्या विरुद्ध, असं एकाच कागदावर होऊ शकतं. विद्यार्थ्याने फक्त सारांश वाचला तर त्याला यातला अर्धाच भाग कळतो.

आता ती हक्कसोडपत्राची झेरॉक्स. मुलींच्या वडिलोपार्जित हक्काचा कायदा महाराष्ट्रात केंद्राच्या आधी आला, २२ जून १९९४ ला. पण त्यातून त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील त्या तारखेला हयात असण्याची अटही गेली. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी मात्र उघडत नाही. एवढ्या तारखा पाठ असल्याशिवाय या विषयावर बोलू नये. व्यवहारात मात्र हक्क मिळतो वारसाच्या फेरफाराने आणि जातो हक्कसोडीने. वडिलोपार्जित मिळकतीतलं बहिणीने भावाच्या नावे केलेलं हक्कसोडपत्र अवघ्या ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं (ऑक्टोबर २०२४ पर्यंत २००). ते नोंदणीकृत असावं लागतं. साध्या कागदावर अंगठा घेऊन नाव कमी केलं असेल तर तो फेरफार आव्हान देण्याजोगा असतो. आणि फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: १९९४ च्या शासन अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. वाटणीच्या दाव्याचं शुल्क परवडत नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर तो सल्लाच चुकीचा आहे.

यावर एका गावाचा अभ्यास चार महिन्यांत होऊ शकतो. दहा वर्षांचे वारसाचे फेरफार घ्या. प्रत्येकात किती मुलींची नावं लागली, त्यांपैकी किती हक्कसोडीने गेली, आणि नाव लागल्यापासून किती दिवसांत गेली, हे मोजा. दिवसांचा हा आकडा सगळ्यात बोलका असतो. दोन्ही फेरफारांचे क्रमांक लागोपाठ असतील तर नाव लावणं ही केवळ पायरी होती, हे वेगळं सांगावं लागत नाही. सावध राहायचं ते मुलींचं नाव मुळातच न लागलेल्या प्रकरणांबद्दल. वारसाच्या शपथपत्रात फक्त मुलगे लिहिले असतील तर मोजणीत ते घर ‘मुलगी नसलेलं’ दिसतं. म्हणून वंशावळ शिधापत्रिकेशी आणि गावातल्या माणसांशी ताडून बघावी लागते.

जमिनीचा प्रश्न आला की मराठवाड्यात आणखी एक खड्डा आहे. मुंबई-पुण्यात छापलेली पुस्तकं १९४८ च्या मुंबई कूळकायद्यावर आणि १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यावर लिहिलेली असतात. इथे लागतो तो १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, आणि इनामांसाठी १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा. दलित कुटुंबांच्या जमिनीच्या हक्कावर लिहिताना चुकीच्या कायद्याचं कलम टाकलं तर पुढचं सगळं प्रकरण वाहून जातं. गायरानाचंही तसंच. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन सगळी अतिक्रमणं काढा असं म्हटलं जातं. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेखाली दिलेल्या जमिनीचा अपवाद शब्दांत लिहिलेला आहे. विद्यार्थ्याला तो परिच्छेद स्वतः शोधायला लावा.

निजामी कागद वाचता येणं ही मराठवाड्यातल्या संशोधकाची वेगळी कमाई आहे. औरंगाबाद खंडपीठापुढे जात पडताळणीच्या याचिका मोठ्या संख्येने येतात, आणि पुराव्यात १९४८ पूर्वीच्या उर्दू, मोडी नोंदी असतात. फसली सनात (निजामी दप्तरातल्या महसुली वर्षात) ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने जानेवारीपासूनच्या नोंदीला ५९१ धरावे लागतात. हैदराबाद संस्थानच्या दप्तरातला ‘कौम’ हा रकाना जात, जमात, धर्म या तिन्हींसाठी वापरलेला आढळतो, तेव्हा त्याचं भाषांतर सरसकट ‘जात’ करू नये. आप्तभाव चाचणीबद्दल (अर्जदाराचं जमातीच्या चालीरीतींशी नातं जुळतं का हे बघणारी) २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ती निर्णायक कसोटी नाही, आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवायलाच हवं असंही नाही. यामुळे जुन्या कागदाचं वजन आणखी वाढलं. उर्दू येत नसेल तर भाषांतरकाराकडून दोन स्वतंत्र भाषांतरं घ्या आणि दोन्हींतला फरक टिपेत लिहा.

मुस्लिम महिलांच्या हक्कांवर शिकवताना शाहबानो ते शायरा बानो अशी उडी मारली जाते. मधला एक महत्त्वाचा थांबा आपल्याच खंडपीठाचा आहे. २००२ मध्ये औरंगाबाद इथे पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात लेखी जबाबात ‘मी तलाक दिला आहे’ एवढं म्हणून चालत नाही. कारण, समेटाचा प्रयत्न आणि तलाक दिल्याची वस्तुस्थिती पुराव्याने शाबित करावी लागते. १५ वर्षांनंतर दिल्लीत शायरा बानो निकालात तिहेरी तलाक रद्द झाला, त्याची जमीन इथे नांगरली गेली होती, आणि तरी तो निकाल अभ्यासक्रमात क्वचित दिसतो.

बिंदुनामावली हा विषय प्राध्यापक स्वतःच्या महाविद्यालयातच शिकवू शकतो. कागद माहितीच्या अधिकारात मिळतो: दहा रुपये शुल्क, एक विषय, १५० शब्दांच्या आत अर्ज, ३० दिवसांत उत्तर, न मिळाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील. १९९५ च्या सभरवाल निकालाप्रमाणे नामावली पदांना लागते, रिक्त जागांना नाही. सगळे बिंदू एकदा भरले की पुढे ज्या प्रवर्गाचा माणूस निवृत्त होतो त्याच प्रवर्गाचा येतो. चूक बहुतेक एकाच ठिकाणी सापडते: गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेला राखीव प्रवर्गातला उमेदवार राखीव बिंदूवर दाखवलेला असतो, आणि एक राखीव जागा कागदावर भरलेली, प्रत्यक्षात गेलेली असते. नेमणुकीच्या आदेशातला प्रवर्ग आणि नामावलीतला बिंदू शेजारी ठेवून बघितलं की ती दिसते. एकच पद असलेल्या संवर्गाला आरक्षण लागत नाही, हे १९९८ च्या चंदीगडच्या पीजीआय निकालाने ठरलं. मग पदं विषयवार मोजायची की एकत्र, यावर लहान महाविद्यालयातल्या आरक्षणाचं नशीब ठरतं.

पीएच.डी.बद्दल थोडक्यात. किमान तीन वर्षं, कमाल सहा, किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. महिला संशोधकांना दोन वर्षं जास्त आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार. आपल्या भागात कायद्याचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक थोडे असल्याने जागा आहे का हे आधी विचारून मग सिनॉप्सिस लिहा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती बघत राहा. लेखाच्या बाबतीत पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून तर ती जबाबदारी तुमचीच आहे.

प्राध्यापकाच्या लिहिण्याने काय होतं, असं कुणी विचारलं तर १९७९ चं उदाहरण द्यावं. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात निकालातल्या तर्काला कागदावरच्या पुराव्यानेच उत्तर होतं. संमती आणि शरण जाणं यातला फरक त्यांनी उलगडला. आंदोलन देशभर पसरलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, संमतीबाबतचं गृहीतक उलटलं, पीडितेचं नाव छापण्यावर बंदी आली. ही बंदी संशोधकालाही लागू आहे. नकलेत नाव असलं तरी प्रबंधात, तक्त्यात, परिशिष्टात ते येता कामा नये. गाव लहान असेल तर गावाचं नावही गाळावं.

काम पूर्ण झालं की प्रबंध ग्रंथालयात जातो आणि बहुधा तिथेच राहतो. त्याआधी त्यातली दोन पानं मराठीत काढा. ॲट्रॉसिटी नियमांतल्या नियम १७ खाली जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, समाजकल्याण अधिकारी सदस्य-सचिव, आणि दर तीन महिन्यांनी किमान एक बैठक. विषयपत्रिका निघायच्या आधी दोन आठवडे ही पानं सदस्य-सचिवांच्या आवक विभागात द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. पानांवर मतं नकोत. सीएनआर क्रमांक, दोषारोपपत्राला लागलेले दिवस, कलम १५अ ची नोटीस दिली की नाही, आणि अर्थसाहाय्याचा कोणता हप्ता बाकी आहे, एवढेच रकाने ठेवा. अपमानाच्या गुन्ह्यात एक लाखापैकी २५ टक्के एफआयआरनंतर आणि ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर मिळायला हवेत. ही रक्कम ज्या घरांना मिळालेली नाही, त्यांच्या प्रकरणांचे क्रमांक तक्त्यात सगळ्यात वर लिहा.